सासूबाईंची कवळी आणि मास्तरांचा रिफंड

सासूबाईंची कवळी मास्तरांच्या हातून फुटली, ती भांडी घासण्याच्या उत्साहात. सुटीची सकाळ होती. बायकोला जरा आराम द्यावा म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या आणि बेसिनजवळचा पेला, आत काय आहे हे न बघताच, उलटा केला. कवळी फरशीवर आपटून तिचे तीन तुकडे झाले. चांगलं काही करायला गेलं की मास्तरांचं हे असंच होई.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ते तीस वर्षांपासून कटिंग मास्तर होते. कापडाचे पन्नास थर एकावर एक रचायचे, खडूनं रेघ मारायची आणि मशीन चालवायचं. एक रेघ चुकली की पन्नास सदरे वाया. त्यामुळे प्रत्येक माप तीन-तीनदा बघायची सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली होती.

"जोडता नाही येणार, नवीनच करावी लागेल," असं म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आकडा सांगितला. घरातली शिल्लक नुकतीच मुलाच्या कॉलेजच्या फीमध्ये गेली होती.

"आई, तुम्ही अजिबात काळजी करू नका," मास्तर सासूबाईंना म्हणाले. "कारखान्यानं माझ्या पगारातून टॅक्स जास्तीचा कापलाय. त्याचा रिफंड यायचाय. आला की पहिली तुमची कवळी."

सासूबाईंनी तोंडावर हात धरून नुसती मान हलवली. हेच मास्तरांना सहन होईना. दर शनिवारी संध्याकाळी सासूबाई इमारतीतल्या पोरांना जिन्यात बसवून गोष्टी वाचून दाखवत. राक्षस त्या असा काही रंगवत, की धीट पोरंसुद्धा एक पायरी खाली सरकत. आता त्यांनी बोलणंच टाकलं होतं. पोरं यायची, थोडा वेळ बसायची आणि निघून जायची. त्यांच्यामधून वाट काढून वर जाताना मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं होई.

महिना गेला, तरी रिफंडचं नाव नाही. शेवटी मास्तरांनी प्राप्तिकर खात्याची हेल्पलाइन लावली आणि अर्धा तास संगीत ऐकल्यावर एक बाई बोलल्या.

"तुम्ही विवरणपत्र भरलंय, पण पडताळणी केलेली नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे अर्ज लिहिलात आणि सही करायची राहिली. मोबाइलवर कोड येईल, तो टाका."

"मग महिनाभर तुमचं ऑफिस करत काय होतं?"

"तुमची वाट बघत होतं."

मास्तरांनी कोड टाकला. तिथेच थांबले असते तर ही कथा इथेच संपली असती. पण त्याच पानावर त्यांना एक बटण दिसलं : 'सुधारित विवरणपत्र भरा'. ज्या माणसाला तीस वर्षांत कापलेलं कापड एकदाही परत जोडता आलं नव्हतं, त्याला कुणीतरी सांगत होतं की हवं तितक्यांदा काप, आम्ही जोडून देऊ. मास्तरांचे हात शिवशिवू लागले.

बँकेचं थोडं व्याज दाखवायचं राहिलंय, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते दाखवलं. पुढच्या आठवड्यात एक देणगी मागल्या वर्षीची निघाली, ती काढली. मग घराचा क्रमांक चुकलेला सापडला. चौथ्यांदा काहीच सापडलं नाही. पण इतकं तपासलंच आहे तर पाठवून दिलेलं बरं, म्हणून पाठवलं.

"अहो, पुन्हा काय करताय?" बायको विचारी.

"काही नाही गं, जरा कडा सारख्या करतोय."

रिफंड मात्र जागचा हलेना. पुन्हा हेल्पलाइन. योगायोगानं बाई त्याच होत्या.

"साहेब, तुमची पाच विवरणपत्रं दिसतायत."

"हो," मास्तर अभिमानानं म्हणाले. "प्रत्येक आधीच्यापेक्षा अचूक आहे बघा."

"अहो, नवं आलं की जुनं बाद होतं! रांगेत तुमचा नंबर जवळ आला की तुम्ही आपणहून उठून शेवटी जाऊन उभे राहताय."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "मग आधीचंच धरा, अशी एक सुधारणा करून पाठवू का?"

"नको!" बाई ओरडल्याच. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हात जोडते. आता काहीही झालं तरी कशालाही हात लावू नका."

मास्तरांनी हात लावला नाही. बायकोनं लॅपटॉप कपाटात टाकून किल्ली आपल्या आईकडे दिली, तेव्हा त्यांनी तक्रारही केली नाही. तीन आठवड्यांनी मोबाइलवर निरोप आला : रिफंड पाठवला होता, पण खातं बंद असल्यानं परत आला. मास्तरांनी विवरणपत्रात दोन वर्षांपूर्वी बंद केलेलं खातं दिलं होतं. पाच वेळा दिलं होतं. तरीही त्यांनी हात लावला नाही. चार दिवस ते निरोप नुसता वाचत राहिले. पाचव्या दिवशी तो बायकोच्या नजरेस पडला आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"आधी फोन लावा त्यांना!"

मास्तरांनी सासूबाईंकडून किल्ली घेऊन लॅपटॉप काढला, फोन लावला, आणि त्याच बाई मिळेपर्यंत दोनदा ठेवून परत लावला.

"पाच विवरणपत्रंवाले ना?" बाईंनी आवाज ओळखला.

"हो. बाई, आता हात लावू का?"

"आता लावा. चालू खातं जोडा आणि रिफंड पुन्हा पाठवायची विनंती टाका. मी लाइनवरच थांबते. उजवीकडचं बटण... ते नाही! ते सोडा! त्याच्या खालचं."

बाई पाऊण तास थांबल्या. त्यांची जेवणाची सुटी त्यात गेली, हे पलीकडे डब्याचं झाकण वाजलं तेव्हा मास्तरांना कळलं. अकराव्या दिवशी पैसे आले. आणखी पंधरवड्यानं सासूबाईंची कवळी आली आणि त्याच शनिवारी जिना पोरांनी भरून गेला. मास्तर वरच्या पायरीवर उभे राहून ऐकत होते. राक्षस बोलायला लागला तसा त्यांचा जीव भांड्यात पडला आणि डोळेही भरून आले. ज्या बाईंना आपण कधी पाहिलंही नाही, त्यांनी आपल्यासाठी जेवण बाजूला ठेवलं, हे काही त्यांच्या मनातून जाईना. आभार मानायलाच हवेत, असं त्यांनी ठरवलं.

सोमवारी फोन लावला, तर या वेळी एक तरुण होता.

"आभारासाठी आमच्याकडे पर्याय नाहीये सर. चौकशी किंवा तक्रार, दोनच आहेत."

"मग तक्रारीत घाला."

"कुणाबद्दल?"

"त्या बाईंबद्दल."

दुसऱ्याच दिवशी एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा फोन आला. आवाज करडा होता. "आमच्या कर्मचारी बाईंविरुद्ध तुमची तक्रार आहे. खुलासा मागवतोय त्यांच्याकडून. नेमकं काय केलं त्यांनी?"

मास्तरांची पाचावर धारण बसली. "अहो, केलं म्हणजे... चांगलंच केलं! ती तक्रार नाहीये. मी सुधारित तक्रार पाठवू का?"

"नवीन पाठवलीत तर नवीन चौकशी लागेल."

ज्या बाईंनी घास बाजूला ठेवला, त्यांचीच नोकरी आपण धोक्यात घातली! तेवढ्यात सासूबाईंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"साहेब, मी यांची सासू बोलतेय. तीन महिने मला बोलता येत नव्हतं, म्हणून आता जरा सविस्तर बोलते."

आणि त्या बोलल्या. पेल्यापासून सुरुवात केली. मधे अधिकाऱ्यानं एकदा "पण आजी..." म्हणून पाहिलं, पण ते तेवढंच. पंचवीस मिनिटांनी फोन मास्तरांच्या हातात परत आला, तेव्हा पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज येत होता.

आठवड्यानं कार्यालयाचा निरोप आला. मास्तरांनी तो सासूबाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक शब्द स्वच्छ उच्चारत मोठ्यानं वाचला : "आपल्या तक्रारीची चौकशी केली असता तीत पूर्ण तथ्य आढळून आले आहे. संबंधित कर्मचाऱ्यास तसे लेखी कळवण्यात आले आहे."

"पुन्हा एकदा वाचा ना, आई," मास्तर म्हणाले.