सडपातळ भेकराचं पिस्तूल

तर बाळांनो, एका जंगलात, म्हणजे फार लांबच्या नव्हे, तुमच्या गच्चीवरून जरा टाचा उंच केल्यात तर दिसेल अशाच एका जंगलात, मोरेश्वर नावाचा भेकर राहत होता.

भेकर म्हणजे लहानखुरं हरिण. मोरेश्वर त्यातही काटकुळा. पाय बारीक, मान बारीक, पोट पाठीला चिकटलेलं. गवतात उभा राहिला तर आणखी एक काडी उगवली असं वाटायचं. पण त्याचा आवाज मात्र दणदणीत होता. बिबट्याची नुसती शेपटी दिसली की तो ओरडायचा, "भ्योक्! भ्योक्!" मग ससे बिळात जायचे, मोर झाडावर जायचे. आणि अंताजी वानर फांद्यांवरून उड्या मारत मोरेश्वरकडे धावत यायचा. दोघांची लहानपणापासूनची दोस्ती.

"मोऱ्या, आहेस ना रे?" तो वरूनच विचारायचा.

"आहे, आहे," मोरेश्वर म्हणायचा.

बिबट्या अगदीच उपाशी राहत होता असं नाही. पण त्याला कष्ट फार पडत होते.

पुढे काय झालं, जंगलाच्या राजाला राज्यकारभाराचा कंटाळा आला. सिंहानं जाहीर केलं, "प्रजाजनहो, तुम्ही आता मोठे झालात. यापुढे ज्यानं त्यानं आपलं रक्षण आपण करावं. आम्ही तुमच्या स्वातंत्र्याच्या आड येणार नाही."

प्रजेनं टाळ्या वाजवल्या. सिंह झोपायला गेला.

लगेच वडाखाली एक दुकान उघडलं. 'निर्धास्त शस्त्रभांडार'. मालक काटदरे शेठ, म्हणजे साळिंदर. आणि वडाच्या शेंड्यावर एक कावळा येऊन बसला. तो सकाळ झाली की बातम्या द्यायचा. "पलीकडच्या जंगलात सांबराला भरदिवसा लुटलं! तुम्ही सुरक्षित आहात का? विचार करा! विचार करायला वेळ नसेल तर खालीच दुकान आहे!"

मोरेश्वरनं पलीकडचं जंगल कधी पाहिलं नव्हतं. तिथलं ते सांबर कुणीच पाहिलं नव्हतं. पण मोरेश्वरची झोप उडाली. पान वाजलं तरी तो दचकू लागला.

"अहो, आपल्याकडे लुटण्यासारखं आहे तरी काय?" त्याची बायको कालिंदी म्हणाली. "एक बोरीचं झुडूप आणि तुमची हाडं."

"तेच म्हणतो मी! हाडंच नेली तर?"

दोघं दुकानात गेली.

"या, या!" काटदरे शेठ काटे फेंदारत उठले. "कसलं दाखवू? दिसणारं की लपणारं?"

"लपणारं," मोरेश्वर कुजबुजला.

त्या जंगलातले प्राणी कपडे घालत असत, हे सांगायचं राहिलंच. मोरेश्वरच्या अंगात साधा सदरा होता. शेठनी त्या सदऱ्याकडे पाहिलं, सदऱ्याच्या आतल्या मोरेश्वरकडे पाहिलं, आणि चुकचुकले.

"अंगकाठी जरा अवघड आहे तुमची."

पहिलं पिस्तूल चांगलं भरभक्कम होतं. मोरेश्वरनं ते कमरेला खोचलं, वरून सदरा सोडला आणि आरशासमोर उभा राहिला.

"अहो, तुम्ही गाभण दिसताय," कालिंदी म्हणाली.

दुसरं लांबीला कमी होतं. पण जाडी तीच. मूठ अशी वर आली की मोरेश्वरला एक बरगडी जास्त आहे असं वाटावं.

"नळी लपते हो, मूठ लपत नाही," शेठ म्हणाले. "बारीक गिऱ्हाइकाचं सगळं दुखणं त्या मुठीत असतं."

तेवढ्यात ढमाले रानडुक्कर दुकानात आला. त्याचा सदरा तंबूएवढा. "शेठ, तुमची दोन पिस्तुलं काय झकास बसलीत!" तो म्हणाला. "एक तर कुठे आहे ते मलाच सापडत नाही."

सगळे हसले. मोरेश्वर हसला नाही. आपण सडपातळ आहोत याची त्याला आयुष्यात पहिल्यांदाच लाज वाटली. याच अंगानं आपण काटेरी जाळ्यांतून वाऱ्यासारखे निसटतो, हे त्या वेळी त्याला आठवलं नाही.

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं.

"दोन मार्ग आहेत. पिस्तूल पातळ घ्या, नाहीतर तुम्ही जाड व्हा."

शेठनी आतून एक पिस्तूल आणलं. पिंपळाच्या पानासारखं पातळ. "गोळ्या कमी बसतात यात. पण तुम्हाला गोळ्या हव्यात की सदरा नीट बसायला हवा?"

"सदरा," मोरेश्वर म्हणाला.

मग पोटाला एक रुंद पट्टा आला. पट्ट्यात पिस्तूल, वर सदरा, सदऱ्यावर बंडी, बंडीला घट्ट बंद. मोरेश्वर आरशासमोर पुढून उभा राहिला, आडवा उभा राहिला, वाकून पाहिलं. काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"कुठे आहे?" कालिंदीनं विचारलं.

हे ऐकून त्याला इतका आनंद झाला की मनातली शंका त्याला दुकानाबाहेर पडता पडताच आठवली. "शेठ, हे खुरानं चालवायचं कसं?"

"ते पुढचं पुढे पाहू. आणि एक सांगतो, आता ते भ्योक् भ्योक् बंद करा. पिस्तूलवाले ओरडत नाहीत. बरं दिसत नाही."

मोरेश्वर ऐटीत घरी निघाला. पट्टा पोटाला काचत होता. उडी मारली की पिस्तूल बरगडीवर आपटायचं, म्हणून तो चालू लागला. पाणवठ्यावर वाकलं की मूठ पोटात रुतायची, म्हणून तो अर्धवट तहानेनंच परतू लागला. अंताजी नेहमीसारखा झाडावरून उतरून गळ्यात पडायला आला, तेव्हा मोरेश्वर झटकन बाजूला झाला. मिठीत हाताला लागलं असतं ना!

अंताजीचे हात तसेच पुढे राहिले. "रागावलास का रे, मोऱ्या?"

"छे छे. जरा सर्दी आहे."

त्या रात्री मोरेश्वरला वाईट वाटलं. पण त्याहून वाईट त्याला दुसऱ्याच गोष्टीचं वाटत होतं. पिस्तूल इतकं छान लपलं होतं की त्याला कुणीच घाबरत नव्हतं! कोल्हे पूर्वीसारखेच त्याच्याकडे पाहून जिभल्या चाटत होते. शेवटी न राहवून त्यानं अंताजीला बाजूला घेतलं.

"कुणाला सांगू नकोस. माझ्याजवळ पिस्तूल आहे."

"कशाला?"

"कुणाला कळू नये म्हणून लपवलंय."

"ते कळलं. पण घेतलंस कशाला?"

मोरेश्वरला त्याच्या अडाणीपणाची कीव आली. वानराच्या पोटात काही राहत नाही हे मात्र खरं. संध्याकाळपर्यंत जंगलभर झालं. ससे मोरेश्वरला वाट देऊ लागले, मोर नमस्कार करू लागले. आणि मग ससेही दुकानात गेले, मोरही गेले. अंताजी तेवढा गेला नाही. "मला लटकायला दोन्ही हात लागतात," तो म्हणाला. सगळ्यांनी त्याला भोळा ठरवलं.

आता पाणवठ्यावर फार शिस्त आली. कुणी कुणाच्या जवळ उभं राहत नसे. कुणी मोठ्यानं बोलत नसे. एकदा अस्वलाच्या काखेत पिसू चावली म्हणून त्यानं सदऱ्यात पंजा घातला, तर निम्मं जंगल पाण्यात उड्या मारून मोकळं झालं. अस्वल बिचारं घाबरून स्वतःही पाण्यात पडलं. कावळ्यानं बातमी दिली, "पाणवठ्यावर तणाव! तुमचं पिस्तूल पुरेसं आहे का?"

आणि एका दुपारी करवंदीच्या जाळीपाशी दोन कोल्ह्यांनी मोरेश्वरला गाठलं.

"मला खाऊ नका!" मोरेश्वर म्हणाला.

"तुला कोण खातंय?" थोरला कोल्हा म्हणाला. "तुझ्या अंगावर आहे काय? पिस्तूल दे."

लुटण्यासारखं मोरेश्वरजवळ आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी होतं. त्याला क्षणभर अभिमान वाटला. मग त्यानं पिस्तूल काढायला खूर घातला. बंडीचे बंद सुटेनात. ते सुटले तर सदरा अडकला. सदरा वर गेला तर पट्ट्याची गाठ बसलेली. कोल्हे उभे राहून कंटाळले.

"सावकाश होऊ दे," धाकटा म्हणाला. "आम्हाला घाई नाही." शेवटी त्यानंच दातानं गाठ सोडून दिली.

पिस्तूल हाती आल्यावर कोल्ह्यांनी ते आपल्या कमरेला लावून पाहिलं. कोल्हेही तसे बारीकच.

"दिसतंय रे," थोरला कुरकुरला.

"कमरेला नको, काखेत घाला," मोरेश्वर बोलून गेला. मग त्याला भान आलं. कोल्हे काख चाचपतायत तोवर तो जाळीत घुसला. पट्टा नव्हता, बंडी नव्हती. अंग पुन्हा हलकं झालं होतं. काट्यांतून तो सळसळत निसटला आणि पलीकडे पोचल्यावर त्याच्या गळ्यातून आपोआप आवाज फुटला.

"भ्योक्! भ्योक्! भ्योक्!"

पूर्वी हा आवाज आला की प्राणी लपायचे. आता सगळ्यांकडे पिस्तुलं होती, लपायचं कशाला? जो जिथे होता तिथून त्यानं बार काढला. कुणी झुडपावर, कुणी सावलीवर, कुणी डोळे मिटून. बऱ्याच जणांना ते चालवायचं कसं हे तेव्हाच कळलं. कोल्हे पिस्तूल घेऊन आरामात निघून गेले.

आणि फांद्यांवरून उड्या मारत, नेहमीसारखा, अंताजी धावत येत होता.

ढमाल्याला आपलं दुसरं पिस्तूल नेमकं त्याच वेळी सापडलं. तो खूष होऊन वर बघत असतानाच ते उडालं. अंताजी खाली पडला.

मोरेश्वर धावला. अंताजीच्या मांडीतून रक्त वाहत होतं. त्यानं डोळे उघडले. "मोऱ्या, आहेस ना रे?"

"आहे," मोरेश्वर म्हणाला.

"काय झालं?"

"कोल्ह्यांनी पिस्तूल नेलं."

"मग बरं झालं," अंताजी म्हणाला. "मला वाटलं, तूच गेलास." आणि त्याची शुद्ध हरपली.

कालिंदीनं पाला चुरून जखमेवर बांधला. अंताजी वाचला. पण पाय गेला तो गेलाच. आता त्याला उडी मारता येत नव्हती.

सिंहाला उठवण्यात आलं. वडाखाली सभा भरली. मोरेश्वर साक्षीला उभा राहिला. आज खरं सांगायचंच, असं ठरवून तो आला होता.

"महाराज, माझ्याकडे पिस्तूल होतं, पण…"

"कुठलं पिस्तूल?" काटदरे शेठनी विचारलं.

"ते पातळ."

"पातळ!" सभेत कुजबुज पसरली. "तरीच!"

"पातळ घ्यायचंच नाही," ढमाले म्हणाला. "मी आधीपासून सांगतोय."

"पातळ चालतं, पण काखेत," मोर म्हणाला.

"बारीक अंगाला काख कुठली? घोट्याला बांधावं," ससा म्हणाला.

"माझं ऐका तरी!" मोरेश्वर ओरडला. "अंताजीजवळ काहीच नव्हतं. तो नुसता मला बघायला आला होता, आणि तुम्ही त्याला…"

"बरोबर!" कावळा वरून गरजला. "त्याच्याजवळ काहीच नव्हतं! म्हणूनच त्याला गोळी लागली!"

सगळ्यांना हे पटलं. सिंहानं जांभई देत निकाल दिला. पिस्तुलं निर्दोष आहेत. गोंधळ झाला तो ओरडण्यामुळे. सबब यापुढे जंगलात कुणीही ओरडायचं नाही. ओरडेल त्याला हद्दपार करण्यात येईल.

मोरेश्वर गप्प झाला. पाऊस आला, गेला. त्यानं तोंडातून आवाज काढला नाही.

मग एके दिवशी तो टेकाडावर चरत असताना त्याला गवतात बिबट्या दिसला. खाली ऐनाच्या बुंध्याशी अंताजी लंगडा पाय पसरून ऊन खात बसला होता. बिबट्या पोटावर सरकत त्याच्याकडे निघाला होता. पाणवठ्यावर सगळे होते. सगळ्यांची पिस्तुलं मस्त लपलेली होती. त्यांना दिसत नव्हता तो फक्त बिबट्या.

ओरडलो तर घर जाईल, मोरेश्वरच्या मनात आलं. बोरीचं झुडूप जाईल. कालिंदी काय म्हणेल?

बाजूला चरणाऱ्या कालिंदीनंही बिबट्या पाहिला होता. "अहो," ती हळूच म्हणाली, "बघता काय? ओरडा ना!"

"भ्योक्!" मोरेश्वर असा ओरडला की टेकाड हललं. अंताजी हातांवर भार देऊन कसाबसा झाडावर सरपटत गेला. बिबट्याचा पंजा बुंध्यावर घासला. तो फिस्कारून निघून गेला.

पाणवठ्यावर मात्र संताप झाला. "पुन्हा तोच!" ढमाले म्हणाला. "माझं पिस्तूल केवढं दचकलं!" त्याच दिवशी मोरेश्वर आणि कालिंदी ओढ्यापलीकडे निघाली. त्यांच्या मागून अंताजी लंगडत येऊ लागला.

"तुला कुणी काढलंय?" मोरेश्वरनं विचारलं.

"कुणी नाही. पण तिकडे मला कोण ओरडून सांगणार?"

ओढ्यापलीकडे ती तिघं अजून आहेत. मोरेश्वर अधूनमधून ओरडतो. अंताजी झाडावर चढतो, कुरकुरत, पण चढतो.

ओढ्याअलीकडच्या जंगलात मात्र आता अगदी शांतता आहे. प्राणी थोडे कमी दिसतात. बिबट्याची तब्येत सुधारली आहे. एखादा प्राणी नाहीसा झाला की वडाखाली सभा भरते, आणि त्याचं पिस्तूल त्याच्या बांध्याला साजेसं नव्हतं यावर सर्वांचं एकमत होतं.

तात्पर्य : पिस्तूल नेहमी आपली अंगकाठी पाहूनच घ्यावं. आणि जो तुम्हाला ओरडून सावध करतो त्याला आधी हद्दपार करावं, म्हणजे बिबट्या येईपर्यंत तरी सदऱ्याची घडी मोडत नाही.