भिंतीलगतची मोकळी पट्टी

शब्दकोशाच्या कचेरीत त्यांना सगळे टिपणराव म्हणत. कुंपणाआतल्या मोकळ्या जागांचे शब्द ते नऊ वर्षं गोळा करत होते. अंगण, आवार, परसू, वाडगं. मग मसणवटा, कबरस्तान, दफनभूमी. नऊ वर्षांत माणूस घर बांधतो, मुलं वाढवतो. टिपणरावांची चार पानं भरली होती.

"एकच शब्द उरलाय," ते संपादकांना म्हणाले. "चर्चच्या आवारात भिंत आणि थडग्यांची पहिली रांग यांच्यामध्ये मोकळी पट्टी राहते ना, तिला काय म्हणतात?"

"मला काय विचारता? तिथं जाऊन विचारा. पाचला पानं छापखान्यात जातायत. तोवर आला नाहीत, तर पुस्तकातून तुमचं नाव गेलं."

नाव तरी केवढं? मदतनिसांच्या यादीत अकरावं, बारीक टाइपात. पण त्याच नावाच्या जोरावर त्यांनी नऊ वर्षं बायकोपुढे बढाया मारल्या होत्या. टिपणराव उठले.

कचेरीचा नियम कडक होता. शब्द ज्याच्या रोजच्या कामातला, त्याचीच चिठ्ठीवर सही हवी. टिपणरावांनी बसमध्येच चिठ्ठी भरून टाकली. वर स्वतःचं नाव, खाली 'जागा: दफनभूमी, भिंतीलगत', शेरा 'तातडीचे, आज पाचपर्यंत'. शब्दाचा रकाना तेवढा कोरा. वेळ वाचवण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असा त्यांचा समज होता.

दफनभूमीचा रखवालदार फाटकाशी खुर्ची टाकून बसला होता. टिपणरावांना एवढी धाप लागली होती, की बोलायच्या आधी त्यांनी चिठ्ठीच पुढे केली. रखवालदाराने ती वाचली आणि उठून स्वतःची खुर्ची त्यांना दिली.

"स्वतःच आलात?"

"मग दुसरं कोण येणार? काम माझंच."

"आज पाचपर्यंतच? डॉक्टर म्हणाले का?"

"डॉक्टर कशाला? आमचे साहेब म्हणाले. वर एक मिनिट देणार नाहीत."

"कसले हो साहेब! घरी सांगितलंय?"

"बायकोला काय सांगायचं? झालं की कळेलच."

रखवालदाराचे डोळे भरून आले. कोशाबद्दल इतकी कळकळ असलेला माणूस टिपणरावांना पहिल्यांदाच भेटत होता. तेही गहिवरले. रखवालदार पाणी आणायला खोलीत गेला, आणि तिथून त्याने चिठ्ठीवरचा कचेरीचा नंबर फिरवला. टिपणरावांचं पूर्ण नाव सांगून 'यांची जागा आजचीच पक्की झाली' असं कळवलं, चार शब्द सुनावले आणि फोन आपटला.

मग पाणी पाजून त्याने त्यांना भिंतीलगत नेलं आणि टेपने खांदे मोजायला घेतले.

"हे काय करताय?"

"खणायला वेळ लागतो हो. चार वाजलेत."

टिपणरावांच्या डोक्यात उजेड पडला, नेहमीसारखा उशिराच. "अहो, मी ठणठणीत आहे! मला या पट्टीला तुम्ही काय म्हणता, तेवढंच हवंय!"

"हिला?" रखवालदाराने टेप गुंडाळला. "काहीच नाही. बोट दाखवतो."

कोरी चिठ्ठी घेऊन टिपणराव सव्वापाचला परतले, तर कचेरीला कुलूप आणि दारावर कागद: 'दुखवट्यानिमित्त बंद'. कोण बिचारा गेला, म्हणून ते बसमध्ये घरापर्यंत हळहळत राहिले. नावाचं काय झालं, हे बायकोला सांगायचं धाडस रात्री काही झालं नाही.

सकाळी ते चहा पीत असताना पाकीट आलं, बायकोच्या नावाचं. ती मोठ्याने वाचू लागली. "'वहिनी, धीर धरा. असा कष्टाळू माणूस पुन्हा होणे नाही. सोबत पहिले पान. नावात चूक असल्यास दुपारपर्यंत कळवावे.'"

टिपणरावांनी पान ओढून घेतलं. त्यांचं नाव सगळ्यांच्या वर होतं, ठळक टाइपात, संपादकांच्याही आधी. फक्त मागे 'कै.' लागलं होतं.

"आता खोडा की!" बायको म्हणाली.

टिपणराव पेन्सिल धरून बसून राहिले. "खोडलं तर अकरावाही उरणार नाही," ते पुटपुटले.

बायकोने पान हातात घेतलं. ते ठळक नाव तिने दोनदा वाचलं आणि त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"असू दे," ती म्हणाली. "पुस्तक छापून येईपर्यंत तेवढं घराबाहेर पडू नका."