अल कुसैसच्या खोलीतले चलन

दुबईतल्या अल कुसैसच्या त्या खोलीत आठ मराठी माणसे आणि एक न्हाणीघर होते. त्यामुळे कंपनीची बस यायच्या आधी रोज भांडण ठरलेले. टाइमकीपर रामेश्वर वर्तमानपत्रातले अर्थसंकल्प वाचणारा. त्याने उपाय काढला. सोड्याच्या बाटल्यांची बुचे हेच खोलीचे चलन. स्वयंपाक करणाऱ्याला तीन बुचे मिळणार आणि सकाळच्या आंघोळीला एक लागणार.

महिनाभर खोलीत रामराज्य होते. मग चपात्या लाटायला कोणी मिळेना, म्हणून रामेश्वरने मजुरी वाढवली.

"एवढी बुचं आणायची कुठनं?" विघ्नेशने विचारले.

"तुटीचा अर्थसंकल्प!" असे म्हणून रामेश्वरने सोड्याची नवी पेटी फोडली. सगळ्यांच्या खिशात बुचे खुळखुळू लागली आणि आंघोळ पाचावर गेली, मग वीसवर.

महादूने मात्र काटकसर करून पिशवीभर, चांगली चाळीस बुचे साठवली होती. त्याचे लग्न ठरले होते. मुंबईच्या विमानतळावर होणारे सासरे जातीने घ्यायला येणार होते. विमान सकाळचे आणि आदल्या रात्री साइटवर रात्रपाळी. डोक्यापासून पायापर्यंत सिमेंट माखलेला महादू पिशवी घेऊन धावतच खोलीवर आला.

"आज भाव पन्नास," न्हाणीघराच्या दाराशी पहिला उभा असलेला विघ्नेश म्हणाला.

"काल वीस होता ना रे!"

"काल दोन पेट्या आल्या. उद्या शंभर होईल म्हणून सगळे आजच आंघोळ करतायत. पाणीपण संपत आलंय."

"अरे, सासऱ्यांना काय पुतळा वाटू मी?"

"वाटू दे. पुतळ्याला हार तरी घालतात!"

महादू खाली वॉचमन अलीमियाँकडे पळाला. त्याचे स्वतंत्र न्हाणीघर होते.

"एक दिरहम," अलीमियाँ म्हणाला. "लेकिन अंदर आदमी है."

महादूने सगळे दिरहम कालच बदलून रुपये केले होते. त्याने नोटांची गड्डी पुढे केली.

"रुपया नहीं, हबीबी. शाम तक और गिर जाएगा."

इतक्यात दार उघडले. टॉवेल गुंडाळून, साबणाच्या वासासकट बाहेर आला तो रामेश्वर.

"रामेश्वरभाऊ, तुम्ही इथं?"

"मी पहिल्या दिवसापासून इथंच येतो," रामेश्वर नजर चुकवत म्हणाला. "वरती फार महागाई आहे."

"मग मला एक दिरहम द्या. ही पिशवी ठेवून घ्या."

रामेश्वरने पिशवीत डोकावून पाहिले. "ह्या बुचांचं मी काय करू? रुपये असतील तर बघ. एका दिरहमला वीस."

"बाजारात बारा चाललाय!"

"मग बाजारात जाऊन आंघोळ कर."

बाहेर विमानतळावर न्यायला आलेल्या कंपनीच्या गाडीचा हॉर्न वाजला. महादूने वीसची नोट दिली, मिळालेला दिरहम अलीमियाँच्या हातावर ठेवला आणि तो आत शिरला. नळाची धार सुरू झाली तेव्हा खोलीचा अर्थमंत्री ओल्या हाताने ती नोट उन्हात धरून खरी आहे का, ते निरखून पाहत होता.