आयकाक इला?

धुरीकाका कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की आधी आपल्या मजल्याचं बटण दाबत नाहीत. आधी घंटेचं दाबतात. लाल किंवा पिवळं, घंटेचं चित्र असलेलं, जे तुम्ही-आम्ही जन्मात कधी दाबलेलं नसतं, ते. दाबतात, मान वर करतात आणि लिफ्टच्या छताला मोठ्याने विचारतात, "आयकाक इला?"

म्हणजे, ऐकू आलं का. काका मूळचे कुडाळकडचे. चाळीस वर्षं लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक होते. आता निवृत्त आहेत, पण मुंबईतल्या लिफ्टना ते कोणी सांगितलेलं नाही.

घाटकोपरच्या एका मॉलमध्ये त्यांनी घंटा दाबली तेव्हा सिक्युरिटीवाला जिने चढत धापा टाकत आला. काकांनी घड्याळ बघितलं. "पन्नास सेकंद. बरो आसस तू," म्हणून त्याची पाठ थोपटली आणि खाली निघून गेले. भांडुपला एका लग्नाच्या हॉलमध्ये मात्र घंटा वाजलीच नाही. काका पान सोडून मॅनेजरला शोधत फिरले. त्यांचा चेहरा बघून मुलीच्या मामाला वाटलं, मुलाकडच्यांनी ऐन वेळी काहीतरी मागितलं. मामाने घाबरून त्यांना बाजूला घेतलं. काकांनी त्याला पाच मिनिटं वायरिंग समजावून सांगितलं.

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला. सात मजले, जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट. आम्ही चारशे दोन, काका चारशे तीन, समोर लिफ्ट. तीन वर्षांपूर्वी आम्ही इथे राहायला आलो तेव्हापासून काका एकटेच आहेत. रोज सकाळी बरोब्बर अकराला ते आमच्या लिफ्टची घंटा तपासतात. घंटा वाजते, मग ओरडतात, "आयकाक इला?" सात मजल्यांतून कोणीही कधीही उत्तर देत नाही. अकराला माझी ऑफिसची मीटिंग असते. मी घरून काम करते. घंटा वाजली की मी आधी माइक बंद करते आणि मग चेहरा सरळ ठेवते. माझ्या मॅनेजरला अजून वाटतं की मी अग्निशमन दलाच्या शेजारी राहते.

सोसायटीने मध्यंतरी लिफ्टमध्ये कागद चिकटवला, 'घंटेशी खेळू नये.' दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली बॉलपेनने लिहिलेलं होतं, 'खेळत नाही. तपासतो. धुरी, ४०३.'

मी काकांना टाळायचे. तशी मी सगळ्यांनाच टाळते. लिफ्टमध्ये कोणी असेल तर मी जिन्याने जाते. पण आमची दाराची बेल बिघडली आणि आईने, मला न विचारता, काकांना बोलावलं. त्यांनी दहा मिनिटांत बेल जोडली, सात वेळा वाजवून बघितली आणि जाताना टीव्हीसमोर थबकले. मी गेम अर्धवट थांबवून ठेवला होता. पडद्यावर हीरो एका लिफ्टमध्ये उभा होता.

"ही लिफ्ट कोणी बसवली?" काकांनी विचारलं.

"गेममधली आहे, काका."

काकांचं एक आहे. एरवी मालवणी, पण गंभीर झाले की एकदम कंपनीच्या रिपोर्टची मराठी सुरू होते. कमरेवर हात ठेवून ते म्हणाले, "समतोलाचा प्रतिभार दिसत नाही. दोर एकच. दाराला कुलूपयंत्रणा नाही. सदर लिफ्ट वापरास अयोग्य." मग माझ्याकडे वळून, "फुडे काय होता?"

असे ते येऊ लागले. दुपारी तीनला, दार सताड उघडं ठेवून, सोफ्यावर न बसता प्लास्टिकच्या स्टुलावर. कारागिराने गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर बसायचं नसतं, असा त्यांचा नियम. मला आवडतात ते गोष्टीचे गेम, म्हणजे अर्धा सिनेमा, अर्धा खेळ. त्यांत एक भानगड असते. गोष्ट रंगात आलेली असताना पडद्यावर अचानक एखादं बटण चमकतं. सेकंद-दीड सेकंदात हातातल्या रिमोटवर तेच दाबायचं. दाबलं तर हीरो वाचतो, चुकलं तर जातो. ह्याला क्विक टाइम इव्हेंट म्हणतात. काका म्हणायचे, "क्वीक टायम इलो!" आणि स्टुलासकट पुढे सरकायचे.

मला ही बटणं अजिबात आवडत नाहीत. मी कोणाशी वाद घालत नाही, पण ह्यावर घातला. म्हटलं, "काका, मी गोष्टीत बुडालेली असते आणि मध्येच कोणीतरी खांद्यावर टपली मारून विचारतं, आहेस ना? सगळी मजा जाते."

"मग विचारूक नको?" काका म्हणाले. "समोर माणूस मरता आणि तू लाडू खातंस?"

"पण गोष्ट लेखकाने आधीच लिहिलेली असते."

"मग बटान कित्याक दिल्यान? बटान दिलंय म्हणजे ता जोडलेला व्हया. नायतर देवू नको. सिनेमा दाखव."

त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची बटणं होती, जोडलेली आणि शोभेची. ते शोधायची रीतही ठरलेली. पहिल्या वेळी मुद्दाम दाबायचं नाही. मी किंचाळायचे, "काका, दाबा!" आणि काका हाताची घडी घालून हीरोला ट्रकखाली जाताना बघायचे. तो मेला की समाधानाने मान डोलवायचे. "जोडलेला आसा." एका गेममध्ये बटण चुकवूनही हीरो आरामात कड्यावर चढून गेला. त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला, चप्पल घातली आणि निघून गेले. तो गेम त्यांनी पुन्हा लावू दिला नाही.

मग ती बर्फवाली बाई आली.

एका गेमच्या पाचव्या भागात एक गोठलेलं तळं आहे. हीरोची बायको बर्फातून खाली पडते आणि वर पुन्हा बर्फ येतो. ती आतून मुठीने ठोकते. ठक, ठक, ठक. त्या वेळात एकच बटण भराभर वीसदा दाबायचं, मग बर्फ फुटतो. नाही जमलं तर ठोकणं थांबतं आणि गोष्ट तिच्याशिवाय पुढे चालू राहते.

इथे काकांनी मुद्दाम चुकवून बघितलं नाही. पहिल्याच वेळी दोन्ही हातांनी रिमोट धरला आणि दाबत सुटले. पण त्यांचा उजवा अंगठा पूर्वी लिफ्टच्या दारात सापडलेला आहे, मधल्या सांध्यात वाकत नाही. बारा-तेरा झाले आणि ठोकणं थांबलं.

"परत लाव."

भाग पुन्हा लावायचा म्हणजे वीस मिनिटं. पुन्हा तळं, पुन्हा ठक ठक. पुन्हा चौदा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पंधरा. मी म्हटलं, मी दाबते. "नको." म्हटलं, सोडून पुढे जाऊ. "आणि तिका थंयच ठेवूया?" ते घरी टेबलाच्या कडेवर अंगठ्याचा सराव करत असावेत, कारण भिंतीतून टकटक ऐकू यायची. दोन आठवडे असे गेले. त्यांचा अंगठा सुजला. आई म्हणाली, "अगं, म्हातारा माणूस आहे, जिंकू दे ना त्याला एकदा."

गेमच्या सेटिंगमध्ये एक सोय असते, ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी. ती चालू केली की बटणं आपोआप दाबली जातात. तुम्ही दाबल्यासारखं करायचं, एवढंच. सोमवारी काका यायच्या आधी मी ती गुपचूप चालू केली.

काकांनी दाबलं. बर्फ फुटला. हीरोने बायकोला ओढून बाहेर काढलं, ती खोकली, श्वास घेतला. मी टाळ्या वाजवल्या. मी सहसा टाळ्या वाजवत नाही.

काका हसले नाहीत. आपल्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"परत लाव."

"अहो, वाचली ना!"

"लाव गो बाय."

वीस मिनिटांनी पुन्हा तळं आलं. ठक, ठक, ठक. काकांनी रिमोट जमिनीवर ठेवला आणि हाताची घडी घातली. पडद्यावरचं बटण आपलं आपण भराभर चमकत गेलं. बर्फ फुटला. बाई बाहेर आली, खोकली, श्वास घेतला.

"वायर काढलंस तू?" काकांनी विचारलं.

मी काहीतरी पुटपुटले. तुमचा अंगठा, मला वाटलं, आई म्हणाली. ते ऐकत नव्हते. पाठ ताठ करून स्टुलावर बसले आणि त्यांच्या तोंडून रिपोर्टची मराठी येऊ लागली.

"सदर इमारतीत मुलं घंटा वाजवून त्रास देतात, अशी तक्रार होती. सबब घंटेची वायर काढण्यात आली. तात्पुरती. चार महिन्यांनी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये थांबली. आत प्रवासी एक. महिला, वय एकसष्ट. हातात भाजीची पिशवी. दम्याचा पंप घरी, चारशे तीनमध्ये." ते थांबले. "वीज दोन वाजून पन्नास मिनिटांनी आली. तपासणीत घंटेचं बटण आत रुतून बसलेलं आढळलं. दाबून दाबून."

मग मी विचारू नये ते विचारलं. "वायर कोणी काढली होती?"

"खाली सही करणाऱ्याने," काका म्हणाले.

"आणि तुम्ही तेव्हा..."

"घरात. निजलेलो." एवढं मालवणीत म्हणाले. उठले, चप्पल घातली. दारात आमच्या बेलवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही.

ती सोय मी त्याच दुपारी बंद केली. काका आले नाहीत. मंगळवारी अकराला घंटा वाजली नाही. बुधवारीही नाही. मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाला, "आज आग लागली नाही का?" आणि सगळे हसले. आई एकदा चारशे तीनची बेल वाजवून डबा देऊन आली. म्हणाली, घेतला, पण आत ये म्हणाले नाहीत. शनिवार-रविवारही तसेच गेले. भिंतीतून टकटकही नाही. त्या शांततेत मला एकच गोष्ट सुचत होती. तीन वर्षं रोज मी दारापासून सहा पावलांवर बसून ती घंटा ऐकली होती आणि माइक बंद केला होता.

पुढच्या बुधवारी अकराला मीटिंग सुरू झाली. माझी बोलायची पाळी आली. मी माइक चालू केला आणि घंटा वाजली. लांबलचक.

"आयकाक इला?"

आवाज खालून येत होता. मी दार उघडून जाळीशी गेले. माझा आवाज मला स्वतःलाच नीट माहीत नाही, इतक्या मोठ्याने मी तो कधी काढलेला नाही. "इला, काका! इला!"

खालून उत्तर आलं, "नुसता वराडून काय होता? येवक पडता!"

मी अनवाणीच जिना उतरले. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये उभी होती. काकांनी आतून दार सरकवून ती थांबवली होती. तिसऱ्या मजल्याच्या जाळीतून फक्त त्यांचं डोकं दिसत होतं, माझ्या गुडघ्यांच्या उंचीवर. ते घड्याळाकडे बघत होते. किती सेकंद झाले, ते त्यांनी सांगितलं नाही.

"ता बटान," ते म्हणाले. "जोडलंस परत?"

"जोडलं."

"बरां."

लिफ्ट वर जायला काही हरकत नव्हती. वीज होती, दोर धड होता, दार लावायचा अवकाश. मी विचारलं, "आता?"

"आता काय नाय. बस जरा."

माझ्या कानातल्या इअरफोनमध्ये मॅनेजर तुटक तुटक विचारत होता, आवाज येतोय का, तुझा आवाज येत नाहीये, ऐकू येतंय का. मी तो काढून खिशात टाकला आणि पायरीवर बसले.