भाड्याच्या घरातला बंब

तांबं कसं घासावं, हे मला कुणी शिकवू नये! चिंच, मीठ आणि दोन थेंब लिंबू. इथे परदेशात, अख्ख्या पामर्स्टन नॉर्थ गावात आमच्याइतकी लखलखीत तांब्याची पातेली दुसऱ्या कुणाकडे असतील तर दाखवा! (दुसऱ्या कुणाकडे तांब्याची पातेलीच नाहीत, ती गोष्ट वेगळी.)

२०१६ सालची गोष्ट. आमच्या भाड्याच्या घराचं इन्स्पेक्शन होतं. त्यावर पुढच्या वर्षाचा करार ठरणार. मृणालिनी, म्हणजे आमची सौ., समोरच्याच हॉस्पिटलात फार्मासिस्ट. तिने बजावलं, "हे घर गेलं तर इतक्या जवळ दुसरं मिळायचं नाही. ओव्हन घास, आणि बाकी कशाला हात लावू नकोस!"

ओव्हन घासला. पातेली घासली. तरी वाटीभर चिंच उरली. टाकायची? जिवावर आलं हो! तेवढ्यात टॉवेल काढायला कपाट उघडलं, तर आत गरम पाण्याची तांब्याची टाकी. अहो, आपला बंबच की! (टॉवेल उबदार राहावेत म्हणून इथे ते टाकीच्याच कपाटात ठेवतात.) चाळीस वर्षांत तिला कुणी हात लावलेला नसणार. दोन तास घासली. शेवटी तिच्यात बघून मी भांग पाडला.

इन्स्पेक्शनला एजंट शेरिलबाई आल्या. "किया ओरा!" म्हणजे इथला नमस्कार झाला. ओव्हन बघून "स्वीट अ‍ॅज!" म्हणजे आपलं 'झकास!' म्हणाल्या. मग कपाट उघडलं आणि थबकल्या. टॅबवर टाकीचा जुना फोटो उघडून ताडून पाहिला.

"ही टाकी नवी आहे."

"छे हो, जुनीच! मी घासली."

"कशाने?"

"चिंचेने."

बाईंचा चेहरा दगड. "परवानगीशिवाय टाकी बदलणं म्हणजे करार मोडणं. मला मालकांना कळवावं लागेल."

"तुला ओव्हन म्हटलं होतं ना? ओव्हन!" शेजारी उभी असलेली मृणालिनी दातओठ खात मला म्हणाली. आता मात्र माझी पाचावर धारण बसली.

"थांबा! पुरावा देतो!" मी टॉवेल भराभर बाहेर फेकले आणि बाईंच्या हातात टॉर्च दिला. भिंतीकडच्या बाजूला माझा हात पोचलाच नव्हता! बाईंनी मान वाकडी करून आत डोकं घातलं. टाकीची पाठ काळीकुट्ट.

बराच वेळ बाई आतच होत्या. बाहेर आल्या त्या हसतच. करार एक वर्षाने वाढला! मृणालिनीने सुस्कारा सोडला, मी कॉलर ताठ केली.

संध्याकाळी ईमेलने रिपोर्ट आला. सगळं उत्तम. फक्त शेवटी एक ओळ: 'गरम पाण्याची टाकी: मागची बाजू अस्वच्छ. दोन आठवड्यांनी फेरतपासणी.'

तुमच्या ओळखीत कुणी बारीक, लांब हातांचं असेल तर कळवा हो!