परबबाईंचा नको-तास

आमच्या स्टाफरूमला दार नाही. मागच्या वादळात ते उडून शेजारच्या पोफळीच्या बागेत पडलं आणि संस्थेने अजून नवं बसवलेलं नाही. तरीही विज्ञानाच्या परबबाई रोज सकाळी रिकाम्या चौकटीवर टकटक करतात आणि विचारतात, "येऊ काय?" कुणीतरी "या" म्हणेपर्यंत उंबरा ओलांडत नाहीत. एकदा आम्ही सगळे पेपर तपासण्यात बुडालो होतो. बाई अर्धा तास व्हरांड्यात उभ्या राहिल्या.

मी घाटावरचा, कऱ्हाडकडचा. संस्कृत आणि मराठी शिकवायला या समुद्रकाठच्या गावात आलो. पहिल्याच आठवड्यात फळ्यावर सुविचार लिहिला, 'मौनं सम्मतिलक्षणम्'. मधल्या सुट्टीत पाहतो तर खाली लाल खडूने लिहिलेलं: 'खोटं. मौन म्हणजे भीती, लाज, दातदुखी किंवा कंटाळा. विचारून घ्यावे.'

मी तणतणत गेलो. "बाई, हे पूर्वापार चालत आलेलं वचन आहे!"

"आसांदे," बाई शांतपणे म्हणाल्या. "ज्यानं लिवला, तेणा त्या गप्प माणसाक इचारलेला काय?"

बाई एरवी माझ्याशी शुद्ध मराठी बोलतात. मालवणी बाहेर पडली की समजावं, पुढे वाद घालण्यात अर्थ नाही.

माझी आई गावाहून आली तेव्हा मी बाईंना जेवायला बोलावलं. आमच्याकडे आग्रह म्हणजे धर्म. तिसऱ्या पुरणपोळीला बाईंनी ताटावर हात आडवा धरला. आईने हसत हसत तूप वाढलं, ते सरळ बाईंच्या हातावर. बाईंनी हात हलवला नाही. मनगटावरून तूप ओघळत असताना त्या म्हणाल्या, "काकी, पोळी तुमची झकास आहे. पण पोट माझं आहे." आई पुढचे दोन दिवस मला विचारत होती, ही बाई रागावली की काय. रागावली नव्हती. जाताना पोळीची कृती लिहून घेऊन गेली होती.

नववीला आठवड्यातून एक तास बाई विज्ञानाचं पुस्तक मिटून ठेवत. मुलांनी त्याचं नाव पाडलं होतं नको-तास. एकाने दुसऱ्याकडे कंपास मागायचा, दुसऱ्याने नाही म्हणायचं, आणि पहिल्याने तोंड वाकडं न करता जागेवर जाऊन बसायचं, असा सराव चाले. कुणी चडफडला की बाई म्हणत, "सुक्या बांगड्याचा तिखला पचता, आणि एक नको पचणा नाय?"

"बाई, पण ती माझ्याकडे बघून हसली तर?" एका धीट मुलाने एकदा विचारलं.

"हसली म्हणजे तिका हसू इला. तू काय बोललंस, ता आठव."

वर्ग खदखदला. पण बाई हसल्या नाहीत. "हसण्यातसून अर्थ काढू नको. तोंड दिलाहा देवान, इचार. आणि ती नाय म्हणाली तर घराक जा, जेव, झोप. मरणस नाय."

दुसऱ्या एकाने सहलीचा फोटो मोबाइलच्या स्टेटसवर टाकला. बाईंनी त्याला फोटोतल्या अकरा जणांना एकेक करून विचारायला लावलं. चौघांनी नाही म्हटलं. त्या चौघांना कापून उरलेला फोटो त्याने पुन्हा टाकला. त्यात सात मुलं, सावंतवाडीचं तळं आणि कुणाचं तरी एक बेवारस कोपर होतं.

हे सगळं गमतीत चाललं होतं, बक्षीस समारंभापर्यंत.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना गाव नाना म्हणतं. माणूस दिलदार, पण बक्षीस देताना प्रत्येक मुलाच्या खांद्यावर हात टाकून त्याला जवळ ओढायचं आणि मग फोटो काढायचा, ही त्यांची वर्षानुवर्षांची रीत. नववीतल्या सानिकाला विज्ञान प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं, उन्हावर मासळी सुकवायच्या पेटीसाठी. नानांचा हात वर गेला तशी ती एक पाऊल मागे सरकली आणि म्हणाली, "नाना, हात नको. मी अशीच उभी रवतंय."

माईक चालू होता. मागच्या बाकांपर्यंत गेलं. कुणीतरी फिसकन हसलं आणि नानांचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा लाल झाला.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मुलीने लेखी माफी मागायची, असं ठरलं होतं. "तुमची भाषा चांगली. मसुदा करून द्या, ती सही करेल." मी करून दिला. खरं सांगतो, चांगला केला होता. 'आजोबांसमान असलेल्या आपल्या वात्सल्याचा अनादर' असा एक तुकडा तर मला फारच आवडला होता.

कागद घेऊन निघालो, तर व्हरांड्यात परबबाई. त्यांनी हात पुढे केला. "वाचू?"

मी दिला. वाचून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "सानिकाला विचारलंत?"

नव्हतं विचारलं. मला सुचलंच नव्हतं. वर्गाबाहेर बोलावून मी सानिकाला कागद दाखवला. तिने सावकाश वाचला, ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दाखवल्या, आणि परत देत म्हणाली, "सर, नको."

"का?" माझ्या तोंडून निसटलं. मला माझीच लाज वाटली. कागद मी फाडून टाकला.

मग बाईंना मेमो आला. मुलांना थोरांचा अवमान करायला का शिकवलं, खुलासा करा. बाईंनी दोन ओळी लिहिल्या: 'सदर विद्यार्थिनीने शिकवलेला भाग योग्य ठिकाणी, योग्य शब्दांत वापरला. तिला पैकीच्या पैकी गुण द्यावेत.' मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, एक शब्द 'दिलगीर' घाला, मी मिटवतो." बाई म्हणाल्या, "माका दिलगिरी येणा नाय. इली की घालतंय."

त्यांचा नववीचा वर्ग काढून घेतला. त्यांच्याकडे ग्रंथालयाची कुलपं दिली. दुसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत बाई मैदानाच्या कडेच्या काजूखाली बसल्या आणि नको-तासाला मुलं गोळा झाली. आधी नववी, मग दहावी, मग सानिकाचे वडीलसुद्धा. होडीवरून थेट आलेले, पँटीचे पाय दुमडलेले. "मीया बसलंय तर चलात?" त्यांनी विचारलं. बाईंनी मुलांना विचारलं. मुलांनी हो म्हटलं.

शिपायाने येऊन सांगितलं, इथे बसायची परवानगी नाही. बाई म्हणाल्या, "सुट्टी माझी, भाकरी माझी. झाडाची हरकत असली तर सांग." तो थोडा वेळ झाडाकडे बघत राहिला आणि निघून गेला.

माफी शेवटी कुणीच कुणाची मागितली नाही. पुढच्या झेंडावंदनाला नाना आले ते दोन्ही हात पाठीमागे बांधून. मुलांना बक्षिसं देऊन झाली की हात परत मागे. सानिकाशी दोन मिनिटं मासळीच्या पेटीबद्दल बोलले. जूनमध्ये नववी बाईंना परत मिळाली. कागदोपत्री कारण: शिक्षकांचा तुटवडा.

ती बातमी द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदाच. संध्याकाळची वेळ. पडवीत खाटेवर त्यांची आई बसली होती, पांढऱ्या केसांचा गुंता झालेली. समोर स्टुलावर कंगवा घेऊन बाई.

"आये, केस इंचरू?"

"नको."

बाईंनी कंगवा मांडीवर ठेवला. मला म्हणाल्या, "चार दिवस झाले, नकोच म्हणते. तिला आता काही आठवत नाही. शेजारचे सांगतात, धरून विंचर, तिला कुठे कळतंय."

"मग?"

"कळतं. घाबरते ती." त्यांनी आईच्या लुगड्यावरचं शेवग्याचं पान टिपायला हात पुढे केला, आणि वाटेतच थांबवला. "जन्मभर सगळ्यांनी तिला नुसतं धरून नेलं, सर. इथून तिथे."

बातमी सांगायची राहून गेली.

म्हातारी बाईंकडे निरखून बघत होती. "तू कोणाची गो?" तिने विचारलं.

"तुझीच, आये."

हा आवाज मी शाळेत कधी ऐकला नव्हता.

म्हातारी खाटेवर जराशी सरकली.

"मगे हय बस," ती म्हणाली.