एकूण वजा बाबा

"बाबा सांगतील त्या आकड्यावर जाऊ नकोस," असं नणंदेनं फोनवर दोनदा बजावलं होतं. सुनेनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. लांब राहणाऱ्या मुलीला काळजी फोनवरूनच करावी लागते, म्हणून ती जरा जास्त होते, असं तिचं मत. शिवाय तिच्या स्वतःच्या काळज्या काय कमी होत्या? बाळ सात महिन्यांचं. दर सोमवारी त्याचं वजन ती वहीत ग्रॅममध्ये लिहायची, आणि पन्नास ग्रॅम जरी कमी भरलं तरी तिला घास उतरायचा नाही.

मागच्या दोन खोल्यांत सासरे राहायचे. सासूबाई गेल्याला वर्ष होत आलं होतं. "तुला बाळाचं पुरे आहे," म्हणत ते आपलं आपण रांधून खात. अंगणात त्यांच्या मधमाश्यांच्या तीन पेट्या होत्या. थंडीत फुलं नसतात, माश्या साठवलेल्या मधावर दिवस काढतात. पेटी वीस किलो भरली तर ठीक; कमी भरली तर साखरेचा पाक पाजायचा, नाहीतर थंडी सरल्यावर झाकण उघडून मेलेल्या माश्या झाडायच्या. हे वजन इतकी वर्षं सासूबाई बघत. यंदा ते सुनेकडे आलं.

पद्धत सोपी होती. सासऱ्यांनी पेटी उचलून वजनकाट्यावर उभं राहायचं, सुनेनं वाकून आकडा वाचायचा आणि त्यातून सासरे वजा करायचे.

"सत्याहत्तर," ती म्हणाली. "तुमचं किती, बाबा?"

"अडुसष्ट. लग्नापासून अडुसष्ट."

"म्हणजे ही मोठी पेटी नऊ किलो! अहो, रिकामी पेटीच सात भरते!"

"नऊ?" पेटी खाली ठेवताना सासऱ्यांना धाप लागली होती. "मला तर जड वाटली."

"नऊ किलोला एवढा दम?"

"वय झालं, सूनबाई."

उरलेल्या दोन पेट्या आठ आणि दहा भरल्या. तिनं वहीत बाळाच्या खाली तिन्ही आकडे लिहिले आणि त्यांना लाल रेघ मारली. त्याच दिवसापासून पाक सुरू झाला. घरातली साखर संपली. नवऱ्यानं चहाचा घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"यात साखर नाहीये."

"माश्यांना दिली."

"आणि मला?"

"तुझं वजन कमी झालेलं नाही," ती गंभीरपणे म्हणाली.

सासऱ्यांनीही आपला साखरेचा डबा आणून दिला. आठवड्यानं पुन्हा वजन केलं, तर मोठी पेटी पुन्हा नऊ! इतका पाक ओतून काटा तसूभर हलला नव्हता. सासरे काळजीनं पेट्यांपाशीच बसून राहू लागले, हिनं पाक दुप्पट केला. पाक फटींतून गळू लागला, मुंग्यांची रांग लागली, गावभरच्या माश्या लुटायला आल्या, आणि पत्र घेऊन आलेल्या पोस्टमनच्या नाकावर एक बसली. तो पत्र कुंपणावर टाकून पळाला.

शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या, तीस वर्षं माश्या पाळणाऱ्या बाईंना बोलावलं. बाईंनी मोठ्या पेटीचं झाकण उघडलं.

"कोण म्हणतं या उपाशी आहेत? आत बोट घालायला जागा नाही!"

"वजन म्हणतं," सून वही पुढे करत म्हणाली. "नऊ किलो."

बाईंनी पेटी जेमतेम बोटभर उचलली आणि खाली ठेवली. "ही नऊ, तर मी पिसासारखी! काटा बिघडलाय तुमचा."

सून काट्यावर चढली. आकडा बरोबर आला. बाळाला घेऊन चढली, तोही ग्रॅमपर्यंत बरोबर.

"बाबा, आता तुम्ही. नुसतेच."

"माझं काय बघायचंय? अडुसष्ट."

"चढा तर खरं."

सासरे चढले. काटा चोपन्नवर थांबला.

सुनेनं मनातल्या मनात वजाबाकी पुन्हा केली. सत्याहत्तरातून चोपन्न गेले, पेटी तेवीस. माश्या तुडुंब. गेल्या आठवड्यात पेटी जेवढी वाढली होती, तेवढेच सासरे घटले होते.

"तुझ्या सासूनं सांगितला होता तो आकडा," सासरे पायाकडे बघत म्हणाले. "तीच बघायची माझं वजन. नंतर कुणी विचारलं नाही."

"मी रोज विचारते ना, जेवलात का म्हणून!"

"हो. आणि मी 'झालं' म्हणतो."

ती तशीच मागच्या खोलीत गेली. कढई पालथी होती, आणि तिच्या बुडावर बोट फिरवलं तर धुळीत रेघ उमटली.

त्या दिवसापासून सासऱ्यांचं ताट पुढच्या घरात वाढलं जातं. विचारलं जात नाही, वाढलंच जातं. आणि ती भेटेल त्याला एकच सांगत सुटते, म्हणून तुम्हालाही सांगते आहे: तुमच्या घरात, शेजारात, "झालं माझं" म्हणणारं कुणी एकटं माणूस असेल, तर नुसतं त्याच्या तोंडाकडे बघून परत येऊ नका. आजच जा, आणि त्याची कढई हाताला ओली लागते का, ते बघून या.